वाचकांचे प्रश्न : कॅटलिना बेटावरची डोंगराळ मॅरेथॉन

गेल्या महिन्यात या सदरात सपाट रस्त्यावरच्या मॅरेथॉनविषयी लिहिताना मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सांता कॅटलिना बेटावर मार्च महिन्यात होणाऱ्या डोंगराळ मॅरेथॉनचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीत राहणाऱ्या मराठी वाचकांना ही शर्यत घराजवळची आहे, आणि महाराष्ट्रातील काही वाचक तिकडच्या नातेवाइकांकडे जाण्याच्या निमित्ताने तिचा विचार करीत आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः ही शर्यत दोनदा धावले. पहिल्या खेपेला माझे फार हाल झाले आणि दुसऱ्या खेपेला ती मनासारखी झाली. या दोन खेपांमध्ये मी जे शिकले, तेच पुढच्या बहुतेक उत्तरांत आले आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून अर्वाइन येथे संगणक क्षेत्रात नोकरी करतो. सपाट रस्त्यावरच्या चार मॅरेथॉन मी पूर्ण केल्या असून माझी सर्वोत्तम वेळ ३ तास ५२ मिनिटे आहे. कॅटलिनाच्या शर्यतीसाठी मी नाव नोंदवले आहे. तेथे किती वेळ लागेल असे धरावे आणि सरावात नेमका काय बदल करावा? माझे सहकारी म्हणतात की चढाची तयारी केली म्हणजे झाले.
— एक वाचक, अर्वाइन

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळेच माझी पहिली शर्यत बिघडली होती. म्हणून आधी मार्ग नीट डोळ्यांसमोर आणावा.

हे बेट सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे आणि मुख्य भूमीपासूनही जवळजवळ तितकेच दूर आहे. पश्चिमेकडे एके ठिकाणी ते इतके चिंचोळे होते की दोन बाजूंच्या समुद्रांमध्ये जेमतेम आठशे मीटर जमीन उरते. या जागेला टू हार्बर्स म्हणतात. १९७८ साली सुरू झालेल्या या शर्यतीचा पारंपरिक मार्ग तेथून निघतो आणि बेटाच्या पूर्व टोकाजवळ असलेल्या ॲव्हलॉन या छोट्या शहरात संपतो. मी धावले तेव्हा आम्ही आदल्या रात्री ॲव्हलॉनला मुक्काम केला होता आणि पहाटे अंधारातच बोटीने टू हार्बर्सला गेलो होतो. बोटीच्या डाव्या बाजूला डोंगरांची काळी रांग सतत दिसत होती, आणि थोड्याच वेळाने हीच सगळी रांग पायांनी ओलांडून परत यायचे आहे, हे त्या वेळी प्रत्येकाला कळत होते; त्यामुळे बोटीत कोणी फारसे बोलत नव्हते. मार्गात वर्षागणिक थोडाफार बदल होऊ शकतो, तेव्हा नोंदणीनंतर आपल्याला जो नकाशा मिळेल तोच प्रमाण मानावा.

टू हार्बर्सहून निघताच चढ सुरू होतो. अंग पुरते तापलेलेही नसते आणि आपण डोंगराच्या माथ्याकडे निघालेलो असतो. तेथून बेटाच्या खुल्या समुद्राकडील बाजूस, लिटल हार्बर नावाच्या खाडीपर्यंत उतरावे लागते. पुन्हा वर चढून मार्ग मिडल रँच या लांबलचक दरीत शिरतो, आणि त्या दरीतले काही किलोमीटर तुलनेने सुखाचे असतात. दोन तृतीयांशांहून अधिक अंतर झाल्यावर, म्हणजे नेमकी सपाटीवरच्या मॅरेथॉनमध्येही पाय जड होऊ लागतात त्या सुमारास, पम्परनिकल हिल नावाचा चढ येतो. तो संपल्यावर धारेवरून वरखाली होत जावे लागते आणि अखेरीस ॲव्हलॉनपर्यंत चारपाच किलोमीटरचा सलग उतार लागतो. एकूण चढाई साधारण १३०० मीटर भरते. बेटाचे सर्वोच्च शिखर माउंट ओरिझाबा हे ६३९ मीटर उंच आहे, म्हणजे त्या शिखराच्या दुपटीहून अधिक उंची आपण तुकड्यातुकड्यांनी चढतो.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ती अशी : शर्यत समुद्रसपाटीवरून निघते आणि समुद्रसपाटीवरच संपते, त्यामुळे जेवढा चढ तेवढाच उतार. १३०० मीटर चढण्याची तयारी आपण करणार असाल, तर १३०० मीटर उतरण्याची तयारी कधी करणार, हा प्रश्न आपण स्वतःला आधी विचारावा.

चढ हृदयाला आणि फुप्फुसांना राबवतो. दहा टक्क्यांच्या चढावर तेवढेच अंतर कापायला सपाटीच्या दीडपटीहून अधिक शक्ती लागते, त्यामुळे सपाटीवरचा किलोमीटरमागचा वेग तेथे टिकवू पाहणारा धावपटू पहिल्या तासातच स्वतःची शिदोरी संपवतो. मात्र चढाची एक भली बाजू आहे : धाप लागते, ती आपल्याला सावध करते आणि आपण आपोआप हळू होतो. उतार असा इशारा देत नाही. उतारावर श्वास सुखाचा असतो आणि वेग आयता मिळतो. त्या वेळी मांडीचे पुढचे स्नायू मात्र प्रत्येक पावलाला आखडण्याचा प्रयत्न करीत असतानाच ताणले जात असतात, कारण शरीराचा सगळा भार त्यांनाच पेलून थोपवायचा असतो. आखडता आखडता ताणले जाणे हेच स्नायूंच्या तंतूंना सर्वांत अधिक इजा करते, आणि ही इजा त्या क्षणी कळत नाही, तासा-दोन तासांनी कळते. माझ्या पहिल्या शर्यतीत लिटल हार्बरकडे उतरताना मी मोठ्या आनंदाने पाय मोकळे सोडले होते. पम्परनिकलचा चढ मी कसाबसा चढले. परंतु ॲव्हलॉनच्या शेवटच्या उतारावर, समोर निळे बंदर स्पष्ट दिसत असताना, माझे पाय मला धरून ठेवीनासे झाले आणि तो उतार मी आडवी पावले टाकत, मागून येणाऱ्यांना वाट देत उतरले. दम पुरेसा शिल्लक होता, मांड्या मात्र उरल्या नव्हत्या.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. उताराची इजा एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराने फारसा दुखत नाही. शरीर त्या कामासाठी स्वतःला बदलून घेते. म्हणून शर्यतीच्या बारा आठवडे आधीपासून दर आठ-दहा दिवसांनी एक धाव केवळ उतारासाठी ठेवावी. पहिल्या वेळी एकूण २५०-३०० मीटरच उतरावे, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही जड जाईल, आणि मग क्रमाने वाढवत नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत एका दिवसात ९००-१००० मीटर उताराला यावे. शेवटची मोठी उताराची धाव शर्यतीपूर्वी दोन ते तीन आठवडे असावी. त्याहून अलीकडे केली तर स्नायू सावरत नाहीत, आणि त्याहून फार आधी केली तर शरीर शिकलेले विसरू लागते.

उतरण्याची पद्धतही शिकावी लागते. पावले आखूड आणि चपळ ठेवावीत, टाच पुढे रोवून ब्रेक लावल्यासारखे धावू नये, शरीर मागे टाकू नये. नजर पायाच्या अंगठ्यावर न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवावी आणि हात थोडे पसरून तोल सांभाळावा. बेटावरचा बहुतेक मार्ग हा गाडी जाईल एवढा रुंद, मुरमाचा कच्चा रस्ता आहे, अरुंद पायवाट नव्हे. त्यामुळे ठेच लागण्यापेक्षा सुट्या खड्यांवरून पाय घसरण्याचाच धोका अधिक असतो, आणि टाच रोवणारा माणूसच तेथे आधी घसरतो.

अर्वाइनहून आपल्याला क्रिस्टल कोव्ह स्टेट पार्कचा एल मोरो भाग जवळ आहे. तेथील कच्चे रस्ते, झुडपांचा डोंगर आणि समुद्रावरून येणारा वारा हे सगळे कॅटलिनाशी इतके मिळतेजुळते आहे की दुसरे ठिकाण शोधण्याची गरज नाही. स्वच्छ दिवशी तेथून बेटही दिसते.

वेळेविषयी : सपाटीवरच्या वेळेत २० ते २५ टक्के भर घालावी. आपल्या बाबतीत ४ तास ४० मिनिटे ते ४ तास ५० मिनिटे हे शहाणपणाचे लक्ष्य ठरेल. घड्याळातला किलोमीटरमागचा वेग पहिल्या दोन तासांत पाहूच नये. एखादे पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते आहे की नाही एवढेच पाहावे. येत नसेल तर चढ चालत चढावा. तीव्र चढावर झपझप चालणारा आणि धापा टाकत धावणारा यांच्या वेगात फारच थोडे अंतर असते, आणि दोघांच्या शिल्लक शक्तीत पुष्कळ असते.

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि यवतेश्वर घाटात नियमित धावते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी तीनदा पूर्ण केली आहे. माझी मावसबहीण लॉस एंजेलिसला असते आणि आम्ही दोघी मिळून कॅटलिनाला जावे असे तिचे म्हणणे आहे. आमचा घाट या तयारीला पुरेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला लाभलेला घाट हा या शर्यतीसाठी मोठाच ठेवा आहे, आणि मार्चमधली शर्यत म्हणजे सरावाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जे साताऱ्यात धावण्यासाठी वर्षातले सर्वांत सुखाचे असतात. २०१२ पासून होणाऱ्या आपल्या गावच्या अर्धमॅरेथॉनचा आकारही आपल्याला उपयोगी पडेल, कारण तीत आधी घाट चढून मग तोच घाट उतरावा लागतो, म्हणजे उताराशी आपली ओळख आहेच.

दोन उणिवा भरून काढाव्या लागतील. पहिली म्हणजे यवतेश्वरचा रस्ता डांबरी आहे. डांबरावर पाऊल जेथे ठेवले तेथेच राहते. मुरमावर ते किंचित सरकते, आणि त्या सरकण्याला आवर घालण्याचे काम घोट्याचे आणि कमरेच्या बाजूचे छोटे स्नायू करतात, ज्यांना डांबरावर विश्रांतीच असते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कासकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या कच्च्या वाटांवर धावावे. दुसरी उणीव म्हणजे आपल्या घाटात एक दीर्घ चढ आणि एक दीर्घ उतार येतो, तर बेटावर चढ-उतारांची लाट कित्येकदा येते, आणि उतरून दमलेल्या पायांनी पुन्हा चढायचे हा तेथला खरा कस आहे. त्यासाठी घाटाचा दोन किलोमीटरचा एकच तुकडा निवडून तो न थांबता चार-पाच वेळा वरखाली करावा. हे कंटाळवाणे आहे, हे मान्य करते. पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

पुण्याच्या वाचकांसाठी येथेच एक गोष्ट सांगते. सिंहगड पायी चढून खाली जीपने येणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. गुडघ्याच्या तक्रारीमुळे तसे करणे योग्यच आहे. परंतु डोंगराळ शर्यतीची तयारी करणाऱ्याने जीपने उतरणे म्हणजे अभ्यासक्रमाचा निम्मा भाग सोडून परीक्षेला बसणे होय.

प्रवासाचाही विचार करावा. हिवाळ्यात लॉस एंजेलिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने हे अंतर साडेबारा तासांचे होते. रात्र आणि दिवस यांची अशी संपूर्ण अदलाबदल झाल्यावर शरीराची झोप रुळावर यायला आठवडा तरी लागतो. शर्यतीच्या आठ दिवस आधी पोहोचता आले तर उत्तम, आणि त्या आठ दिवसांत नवा सराव काहीही करू नये.

प्रश्न : शर्यतीत पाण्याचे थांबे असताना स्वतःजवळ पाणी बाळगणे आवश्यक आहे का? आणि दर थांब्यावर भरपूर पाणी प्यावे हे खरे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाणी जवळ बाळगावे, अर्धा लिटर पुरेल. डोंगरात दोन थांब्यांमधले अंतर किलोमीटरमध्ये नव्हे तर मिनिटांत मोजावे लागते. सपाटीवर पंधरा मिनिटांत येणारा थांबा चढावर अर्ध्या तासाने येतो, आणि बेटाच्या धारेवर सावलीला झाड नसते. मार्चमधली पहाट थंड आणि बहुधा धुकट असते, त्यामुळे निघताना तहान जाणवत नाही. धुके विरल्यावर ऊन एकदम अंगावर येते.

दर थांब्यावर भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, आणि हे मी आग्रहाने लिहिते आहे, कारण चार-पाच तासांच्या शर्यतीत तहानेपेक्षा कितीतरी अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि क्वचित जिवावर बेतण्याची वेळ येऊ शकते. हा धोका वेगवान धावपटूंपेक्षा सावकाश धावणाऱ्यांना अधिक असतो, कारण त्यांना प्यायला वेळ अधिक मिळतो आणि घाम कमी येतो. तहान लागेल तेव्हा, तहान भागेल इतके प्यावे. त्याबरोबर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. धावपटूंसाठी पुडीत मिळणारे गोड जेल पचत नसेल तर खजूर किंवा गुळाची चिक्की चालते. मी दुसऱ्या खेपेला खजूरच खाल्ले. एवढेच पाहावे की खाण्याचा मोठा घास चढाच्या पायथ्याशी घेऊ नये. चढावर धाप लागलेली असताना चावणे आणि गिळणे दोन्ही अवघड जाते. माथ्यावर पोहोचून श्वास खाली बसल्यावर, उतार सुरू होण्यापूर्वीच्या सपाट भागात खावे.

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून राधानगरीच्या जंगलात भटकत असतो. आपण मागे लिहिले होते की या शर्यतीत गव्यांचे कळप दिसतात. समुद्रातल्या बेटावर गवे कसे पोहोचले, आणि ते वाटेत आडवे आले तर धावपटूने काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही माझ्या लिहिण्यातली चूक होती आणि ती दाखवल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. कॅटलिनावर आहेत ते गवे नव्हेत, ते अमेरिकन बायसन आहेत. इंग्रजांनी आपल्या गव्यालाही बायसनच म्हटले आणि राधानगरीचे अभयारण्य १९५८ साली स्थापन झाले तेव्हा त्याच्याही नावात तोच शब्द आला, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे जुना आहे. गव्याचे अंग तुळतुळीत काळसर आणि पाय पांढरे मोजे घातल्यासारखे असतात. अमेरिकन बायसनला मान-खांद्यांवर दाट लोकर, मोठे वशिंड आणि दाढी असते.

बेटावर ते आपणहून आलेले नाहीत. १९२४ साली एका मूकपटाच्या चित्रीकरणासाठी चौदा बायसन तेथे बोटीने नेण्यात आले आणि काम संपल्यावर ते तसेच बेटावर सोडून दिले गेले. त्यांना खाणारे मोठे जनावर तेथे नसल्याने संख्या वाढत गेली आणि एके काळी ती सहाशेच्या घरात पोहोचली. बेटावरचे गवत आणि झुडपे एवढ्या मोठ्या जनावरांच्या खुरांसाठी घडलेली नाहीत, त्यामुळे जमिनीची धूप होऊ लागली. बेटाची ८८ टक्के जमीन सांभाळणाऱ्या कॅटलिना आयलंड कॉन्झर्व्हन्सी या १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने आधी काही जनावरे मुख्य भूमीवर पाठवली आणि २००९ पासून माद्यांना गर्भनिरोधक लस देऊन कळप लहान ठेवण्याचा मार्ग धरला. माझ्या पहिल्या शर्यतीत मिडल रँचच्या दरीत एक एकटा नर रस्त्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. धुके होते, आणि आमच्यापैकी दहाबारा जण काही न बोलता एका रांगेत चालत पलीकडच्या कडेने गेलो. तो मान वर करूनही पाहत नव्हता, तरी ती दोन मिनिटे मला अजून आठवतात.

राधानगरीत आपण गव्याशी जसे वागता तसेच तेथे वागावे. निदान चाळीस-पन्नास मीटर अंतर राखावे, धावणे थांबवून चालू लागावे, कळपाच्या मधून जाऊ नये, मादी आणि तिचे पिल्लू यांच्यामध्ये तर मुळीच येऊ नये. शेपटी ताठ उभी झाली, किंवा जनावर पायाने माती उकरू लागले, की मागे सरावे. एवढे अवजड दिसणारे हे जनावर ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकते, तेव्हा त्याच्याशी शर्यत लावता येत नाही. रस्ता अडला असेल तर तो मोकळा होईपर्यंत थांबावे. वेळ वाया जातो म्हणून चिडणारे धावपटू मी तेथे पाहिले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटले; ज्या बेटाचे डोंगर पाहण्यासाठी आपण एवढ्या लांब येतो, तेथे पाच मिनिटे थांबावे लागले तर ती तक्रारीची गोष्ट नव्हे.

आपण जंगलात फिरणारे आहात म्हणून आणखी दोन गोष्टी सांगते, कारण शर्यतीच्या माहितीत त्या चटकन वाचून सोडून दिल्या जातात. बेटावर मांजराएवढा एक कोल्हा आहे, जो पृथ्वीवर इतरत्र कोठेही नाही. १९९९ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेम्पर रोगाची साथ तेथे पसरली आणि सुमारे तेराशे कोल्ह्यांपैकी जेमतेम शंभर उरले. हा रोग बहुधा बोटीत लपून आलेल्या एखाद्या प्राण्याबरोबर आला असावा, असे अभ्यासक मानतात. उरलेल्यांना पकडून लस टोचणे, बंदिस्त जागेत त्यांची पैदास करणे आणि पिल्ले पुन्हा सोडणे, असे काम वर्षानुवर्षे चालले, आणि कोल्हे पुन्हा हजारावर गेले. २०१६ साली त्यांचा दर्जा ‘संकटग्रस्त’ वरून एक पायरी खाली आणण्यात आला. दुसरी गोष्ट बियांची. आपल्या मुखवासातली बडीशेप तेथे परदेशी तण म्हणून डोंगरउतारांवर माजली आहे आणि स्थानिक झाडांची जागा घेत आहे. अशी बीजे बुटांच्या तळातील चिखलातून सहज प्रवास करतात. म्हणून बेटावर जाण्यापूर्वी बूट ब्रशने घासून, तळाच्या खाचा कोरून स्वच्छ करावेत आणि मोजेही धुतलेलेच न्यावेत. आपण राधानगरीहून थेट तेच बूट घालून गेलात तर सह्याद्रीची बीजे प्रशांत महासागरातील बेटावर पोहोचतील.

प्रश्न : माझे वय ५७ असून मी नाशिकला असते. माझी मुलगी टॉरन्सला राहते आणि ती यंदा कॅटलिनाची मॅरेथॉन धावणार आहे. मी रोज पाच-सहा किलोमीटर चालते. तिच्याबरोबर जावे असे फार वाटते, पण मला बोट लागते आणि डावा गुडघा उतारावर कुरकुरतो. नुसते काठावर बसून राहण्यापेक्षा मला काही करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य जावे. मॅरेथॉनच्या जोडीला तेथे कमी अंतराच्या शर्यतीही ठेवलेल्या असतात. त्यांतील दहा किलोमीटरची शर्यत आपण चालत पूर्ण करू शकाल, मात्र नाव नोंदवताना चालणाऱ्यांसाठी किती वेळ दिला आहे ते मुलीला पाहायला सांगावे. या अंतरालाही चढ-उतार आहेतच, म्हणून गुडघ्याचा विचार आत्ताच करावा. उतरतानाच दुखणारा आणि सपाटीवर न दुखणारा गुडघा हा पुष्कळदा मांडीच्या दुबळ्या स्नायूंची तक्रार करीत असतो. तरी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवून घ्यावे आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर घरच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी वापरावी. तिच्यावर उभे राहून एक पाय अगदी सावकाश, तीन आकडे मोजत जमिनीला टेकवावा आणि पुन्हा वर घ्यावा, कठड्याला हात धरून, प्रत्येक पायाने दहा वेळा, एक दिवसाआड. वर चढणे हा यातला गौण भाग आहे, सावकाश उतरणे हाच व्यायाम. दोन महिन्यांनी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून-उतरून पाहाव्यात. तेथे उतरताना गुडघा शांत राहिला तर बेटावरही राहील. चालण्यासाठी दोन काठ्या वापरायच्या असतील तर त्या शर्यतीत चालतात का हे आधी विचारून घ्यावे, आणि चालत असतील तर त्यांचा सराव नाशिकलाच करावा, कारण सवय नसलेली काठी पायांत येते.

बोटीचे म्हणाल तर लाँग बीचहून ॲव्हलॉनपर्यंतचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला बसावे, तेथे हेलकावे कमी जाणवतात. मोबाइलकडे न पाहता खिडकीतून दूरच्या क्षितिजावर नजर ठेवावी. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही जाऊ नये. बोट लागू नये म्हणून घ्यावयाच्या गोळ्यांनी झोप येते आणि रक्तदाबाच्या काही औषधांशी त्यांचे जमत नाही, त्यामुळे गोळी घ्यायचीच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि ती निघण्यापूर्वी निदान अर्धा तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नसतो.

आपली शर्यत आटोपल्यावर मुलगी येईपर्यंत आपल्या हाती दोन-तीन तास असतील. ॲव्हलॉनमध्ये मोटारी फार थोड्या आहेत, लोक गोल्फच्या छोट्या गाड्यांतून फिरतात, त्यामुळे किनाऱ्याने रमतगमत चालणे सुखाचे असते. बंदराच्या टोकाला १९२९ साली बांधलेली एक गोल, उंच इमारत दिसेल. तिचे नाव कॅसिनो असले तरी तेथे जुगार कधीच चालला नाही; खाली चित्रपटगृह आणि वर नृत्याचे भव्य दालन आहे. तेथवर जाऊन परत यायला अर्धा तास पुरतो. मग मात्र शहराच्या वरच्या बाजूस, जेथे शेवटचा उतार घरांपाशी येऊन मिळतो, तेथे जाऊन उभे राहावे. अंतिम रेषेपाशी गर्दी असते आणि तेथे सगळेच धावपटू हसतमुख दिसतात. मुलीला खरी गरज असेल ती त्या उतारावर ओळखीचा आवाज ऐकू येण्याची. पहिल्या खेपेला मी तेथून आडव्या पावलांनी उतरत होते तेव्हा कोणा अनोळखी बाईंनी माझ्या छातीवरचे नाव वाचून मला हाक मारली होती.

परतीच्या बोटीची तिकिटे आधीच काढावीत आणि ती संध्याकाळची असावीत, म्हणजे मुलीला घाई होणार नाही. बोट येईपर्यंत तिला एका जागी बसू देऊ नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी उठवून धक्क्यावर थोडे चालवावे, आणि बोटीत वरच्या मजल्यावरची जागा घेऊ नये. त्या दिवशी तिला जिना चढता येईल, पण उतरता येणार नाही.